सांधा कुठं आहे? नॉर्वेजियन जोडशब्द आणि बालवाडीतली एक ‘एनर्जी’ : प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या बाईंना मी ‘ताई’ एवढंच म्हणणार आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शब्द आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळा मुद्दा त्यांतच आहे.

नॉर्वेजियन शब्द देवनागरीत बसवताना थोडी ओढाताण होते, ती सांभाळून घ्यावी. जिथं दोन शब्द जोडले आहेत तिथं उभी रेघ दिली आहे. शब्दाच्या शेवटी येणारा पुसट स्वर आपण ‘केलं-गेलं’मध्ये लिहितो तसा अनुस्वारानं दाखवला आहे.

पार्श्वभूमी

ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मराठी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे व्याकरण पक्कं. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ओस्लोजवळच्या एका उपनगरात आल्या आणि नेटानं नॉर्वेजियन शिकल्या. सरकारी भाषापरीक्षेत वाचन आणि लेखनात बी-२ मिळालं, तोंडी परीक्षेत त्याच्या एक पायरी खालचं बी-१. त्या बळावर एका बालवाडीत सहायक म्हणून लागल्या.

बालवाडीला तिकडे बार्नं|हागं म्हणतात. बार्न म्हणजे मूल, हागं म्हणजे बाग. (मराठी विद्यार्थ्यांना हा शब्द शिकवताना मी दोन मिनिटं हसण्यासाठी राखून ठेवतो. ताईंनी मात्र हसू न येऊ देता तो वहीत लिहून घेतला होता. बाईच त्या.) एक ते पाच वर्षांची मुलं तिथं येतात आणि पाऊस असो, बर्फ असो, रोज बाहेर खेळायला जातात. साहजिकच दिवसाचं निम्मं बोलणं कपड्यांवर आणि डब्यावर. पावसाळी कपडे म्हणजे रैन|तॉय, डबा म्हणजे मात|पाक्कं, दुपारच्या झोपेची पिशवी म्हणजे सोवं|पूसं, आतून घालायचे लोकरीचे कपडे म्हणजे उल्ल|उन्नर|तॉय. या भाषेत दोन-तीन शब्द जोडून नवा शब्द केला की मधे जागा सोडत नाहीत. उभी रेघ मी दिली आहे, छापील कागदावर ती नसते.

ताई माझ्याकडे आल्या त्या ‘सूर’ शिकायला. नॉर्वेत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण त्या मला पहिल्या दिवसापासून ‘सर’ म्हणायच्या आणि मी ‘ताई’. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

काय घडलं

एका शुक्रवारी पॅनकेकचा बेत होता. रोजची बाई आजारी, म्हणून बदली कामगार आलेला. एका मुलाला अंड्याची ॲलर्जी होती. ती गोष्ट या नव्या माणसाला सांगायचं काम ताईंकडे आलं. अंगणात वारा, मुलांचा गलका. ताईंनी त्या मुलाकडे बोट दाखवून सांगितलं : याला अंड्याची ॲलर्जी आहे. तो माणूस हसून म्हणाला, “हो, दिसतंच आहे!” मुलगा तेव्हा घसरगुंडीवरून उलटा चढत होता.

ताईंना वाटलं, निरोप पोचला. त्याला ऐकू आलं होतं, ‘याच्यात एनर्जी आहे.’

मुलाला काही झालं नाही. स्वयंपाकघराच्या दारावर ॲलर्जीची यादी लावलेली असते आणि पॅनकेक करणाऱ्या बाईंनी ती पाहिली होती. गैरसमज जेवताना उघड झाला. सगळे हसले, ताईही हसल्या आणि घरी जाऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन आला : “सर, मला त्यांचे सूर शिकवा. माझे सूर चुकतात म्हणून त्यांना कळत नाही.”

अडचण नेमकी कोणती

सूर हा नॉर्वेजियनमधला प्रसिद्ध विषय. शेतकरी (अनेकवचन) आणि घेवड्याच्या बिया, दोन्ही शब्दांचा उच्चार ओस्लोकडे ‘बॉन्नर’ असाच होतो. फरक फक्त चढउताराचा. असे दोन सूर आहेत आणि दोन-दोन अक्षरी शब्दांच्या जोड्याच्या जोड्या त्यांच्यावर वेगळ्या होतात. वर्गात शिक्षक हे आवडीनं शिकवतात, कारण ऐकायला गंमत वाटते. विद्यार्थी मग आपली प्रत्येक फजिती सुरांच्या खाती टाकतो.

मला शंका होती. बालवाडीत मुलांचं रेकॉर्डिंग करता येत नाही आणि करूही नये, म्हणून ताईंनी घरी बसून तेच वाक्य फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. मी ते दहा-बारा वेळा ऐकलं.

शब्द होता एग्ग|आलेर्गी. एग्ग म्हणजे अंडं. ‘आलेर्गी’ हा बाहेरून आलेला शब्द, त्याचा आघात शेवटी, ‘गी’वर. ताईंना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते पाळलंही होतं. त्यांचा उच्चार असा होता : ए–गा–लेर्–गी. चार सारखे तुकडे आणि जोर शेवटच्या ‘गी’वर. ‘एनर्जी’ला नॉर्वेजियनमध्ये म्हणतात एनेर्गी : ए–नेर्–गी, जोर पुन्हा ‘गी’वर. वाऱ्यात मधला ‘गाले’ उडाला की राहतं काय, तर एनेर्गीच. बदली कामगाराचे कान तीक्ष्णच होते. जे त्यानं ऐकलं ते जवळपास तसंच उच्चारलं गेलं होतं.

नॉर्वेजियन माणूस हा शब्द असा म्हणतो : ‘एग्ग’वर पूर्ण भार, ‘ग्ग’ चांगला दाबून, त्यानंतर एक पायरी खाली उतरल्यासारखं ‘आलेर्गी’, त्यातल्या ‘गी’वर दुसरा, हलका भार. ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं ‘अंडं’ मिळतं. ताईंच्या उच्चारात अंडं फुटलं होतं : अर्धं ‘ए’मध्ये, अर्धं ‘गा’मध्ये.

असं का झालं, याचं उत्तर आपल्या लिपीत आणि कानात आहे. देवनागरीत व्यंजन पुढच्या स्वराला चिकटतं. आपलं ‘अक्षर’ व्यंजनापासून सुरू होऊन स्वरावर संपतं. म्हणून डोळ्यांना जिथं व्यंजनानंतर स्वर दिसला तिथं आपण नकळत दोघांची मोट बांधतो. त्यात ताई संस्कृत वळणाच्या शब्दांवर वाढलेल्या. विद्या अधिक आलय म्हणजे विद्यालय. तिथं सांधा विरघळतोच, आणि तसा तो विरघळावा अशी अपेक्षा असते. नॉर्वेजियन जोडशब्दात सांधा विरघळत नाही. ‘उल्ल’चा ल पुढच्या ‘उन्नर’च्या घरात राहायला जात नाही. ताई म्हणायच्या ‘उ–लुन्–डर्–तॉय’. ऐकणाऱ्याला त्यात ना लोकर सापडायची, ना अंतर्वस्त्र.

मराठी कान या बाबतीत अगदीच कच्चा आहे असंही नाही. ‘कमनशिबी’ हा शब्द कोणी ‘कमन-शिबी’ वाचत नाही. ‘कम’ आणि ‘नशीब’ आपल्याला आधीच दिसतात आणि मगच ‘म’मधला अ गिळायचा हे जिभेला कळतं. ‘कमकुवत’, ‘बिनपगारी’, ‘जनगणना’ सगळीकडे हेच. सांधा ओळखल्याशिवाय मराठीसुद्धा नीट वाचता येत नाही. फक्त ते आपण कधी शिकलेलो नसतो, त्यामुळे दुसऱ्या भाषेत ते करायचं असतं हेही सुचत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ताईंचाच : आधी सूर. मी तो बाजूला ठेवला. ओस्लोत जो सूर खालून सुरू होतो तो पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये वरून सुरू होतो. नॉर्वेच्या काही भागांत हा भेदच नाही, आणि तरी तिथली माणसं ओस्लोत बेधडक वावरतात. सूर चुकला तर माणूस परका वाटतो. आघात आणि सांधा चुकला तर शब्दच हरवतो. शिवाय सूर आघाताच्या जागेवर बसतो. जागाच चुकली तर सूर ठेवणार कुठं?

दुसरा पर्याय सहकाऱ्यांनी सुचवला होता : सावकाश बोल. हा सल्ला प्रेमाचा आणि घातक. ताई सावकाश बोलायच्या म्हणजे प्रत्येक तुकडा सुटा आणि सारख्या वजनाचा करायच्या. सारखं वजन म्हणजे नॉर्वेजियन कानाला वेगवेगळे शब्द. नॉर्वेत याचे विनोद प्रसिद्ध आहेत. ‘रॉइक|फ्रित्त’ एकत्र लिहिलं तर ‘धूम्रपानमुक्त’. तोडून ‘रॉइक फ्रित्त’ लिहिलं तर ‘खुशाल ओढा’. आपल्याकडे ‘पायमोजा’ आणि ‘पाय मोजा’ यांत जो फरक आहे, तोच. हे उदाहरण मी ताईंना दिलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

तिसरा : लांब शब्द टाळणं. ‘उल्ल|उन्नर|तॉय’ऐवजी ‘लोकरीचे आतले कपडे’ असं फोडून म्हणायचं. हे त्या आधीपासून करत होत्या आणि मी ते बंद करायला सांगितलं नाही. ॲलर्जीसारख्या गोष्टीत तर मी उलट आग्रह धरला की शब्दाबरोबर ‘तो अंडं खात नाही’ हे साधं वाक्यही म्हणायचंच. पण सगळं बोलणं असं करता येत नाही. चार वर्षांचं मूल जो शब्द सहज म्हणतं तो आपण वळसा घालून म्हणायचा, याचा ताईंना कमीपणा वाटत होता आणि तो खरा होता.

चौथा : सांध्यापासून सुरुवात. म्हणजे आधी विग्रह, मग आघात, मग लांबी, सूर सगळ्यांत शेवटी. आम्ही हा निवडला. ‘विग्रह’ हा शब्द ताईंचाच. मी ‘शब्द तोडा, शब्द तोडा’ करत होतो, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे समासाचा विग्रह करायचा. मग असं सांगा ना.” त्या क्षणापासून काम निम्मं झालं. ज्या बाईंनी कित्येक वर्षं फळ्यावर तत्पुरुष आणि कर्मधारय फोडले, त्यांना मी नवीन काही शिकवत नव्हतो.

काय केलं

पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं. बालवाडीच्या महिन्याच्या पत्रकातून आणि मुलांच्या खणांवरच्या चिठ्ठ्यांवरून ताईंनी साठेक जोडशब्द उतरवून आणले. प्रत्येक शब्दात पेन्सिलीनं सांधा दाखवायचा, मगच तोंड उघडायचं.

पहिल्याच आठवड्यात मजेशीर शब्द आला. ‘ताक|स्तैन’, म्हणजे छपराचं कौल. ‘ताक’ म्हणजे छप्पर, आ लांब. ‘ताक्क’ म्हणजे आभार, आ आखूड आणि क दाबलेला. आघात असलेल्या तुकड्यात एक काहीतरी लांब हवंच, स्वर नाहीतर व्यंजन, असा या भाषेचा नियम आहे. ताईंनी रेघ स नंतर मारली, ‘ताक्स|तैन’. तसं केल्याबरोबर आ आखूड झाला, कारण पुढं दोन व्यंजनं आली. शिवाय ‘ताक्स्त’ म्हणजे भाडं, हा खराच शब्द आहे, त्यामुळे ऐकणारा भलत्याच वाटेला लागतो. एका रेघेची जागा चुकली आणि स्वराची लांबी, आघात, अर्थ तिन्ही गेलं.

दुसरा शब्द पावाच्या कापाचा. ‘ब्रॉ|शीवं’. लिहिताना यात ब्रॉ, मग न उच्चारलेला द, मग स, क, इ अशी अक्षरं येतात. स आणि क एकाच पदात असतील आणि पुढं इ असेल तर त्यांचा श होतो. ताई रेघ स आणि क यांच्या मधे मारायच्या आणि ‘ब्रॉड्स-कीवं’ म्हणायच्या. याच्या शेजारी मी ‘स्तात्स|ह्यिर्कं’ ठेवला, सरकारी चर्च. (ते आता सरकारी राहिलेलं नाही, २०१७ पासून वेगळी संस्था आहे, पण शब्द अजून लोकांच्या तोंडात आहे.) तिथंही स, क, इ हीच तीन अक्षरं याच क्रमानं येतात. पण स पहिल्या पदाचा आणि क दुसऱ्या पदाचा, म्हणून श होत नाही. डोळ्यांना अक्षरं सारखीच दिसतात, वेगळा असतो तो फक्त सांधा.

आघातासाठी आम्ही टेबल वापरलं. नॉर्वेच्या बालवाड्यांत मुलांना शब्दाच्या तुकड्यांवर टाळ्या वाजवायला शिकवतात. ताईही मुलांबरोबर उत्साहानं वाजवायच्या : बार्–नं–हा–गं, चार टाळ्या. मुलांना वाचायला शिकवण्यासाठी ते उत्तम आहे. पण चारही टाळ्या सारख्या वाजतात आणि ताईंची नेमकी तीच खोड होती. म्हणून आम्ही टाळी बदलली. मुख्य आघाताला पूर्ण तळवा टेबलावर, दुसऱ्या आघाताला एक बोट, बाकीच्या तुकड्यांना काहीच नाही. ‘बार्नं|हागं’ : तळवा–नाही–बोट–नाही. ‘काहीच नाही’ हे त्यांना सगळ्यांत जड गेलं. हात उचललेला असताना अक्षर म्हणून पुढं जायचं, हे त्यांना त्या अक्षराचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

तीन पदांचे शब्द आले तेव्हा मोठा सांधा आणि छोटा सांधा असा भेद करावा लागला. ‘उल्ल|उन्नर|तॉय’मध्ये ‘उन्नर|तॉय’ हा आधीच तयार शब्द आहे, अंतर्वस्त्र. त्याला लोकर जोडली. मोठा सांधा ‘उल्ल’नंतर, म्हणून बोट ‘उन्न’वर. ‘बार्नं|हागं|प्लास्स’, म्हणजे बालवाडीतली जागा, उलट्या बांधणीचा. तिथं ‘बार्नंहागं’ तयार, मोठा सांधा ‘प्लास्स’च्या आधी, म्हणून बोट ‘प्लास्स’वर. तळवा दोन्हीकडे अगदी सुरुवातीला.

आणि मग र. इथं मराठी माणसाची दिवाळी असते. ओस्लोकडच्या बोलीत र नंतर त, द, न, स आले की दोघं मिळून मूर्धन्य होतात, म्हणजे ट-ड-ण-ष यांच्यासारखे. लिहितात बार्न, म्हणतात ‘बाण’, आपला धनुष्याचा बाण तोच. लिहितात नॉर्स्क, म्हणतात ‘नॉश्क’. ‘झालं, संपलं’ या अर्थाचा फेर्दिग लिहितात, म्हणतात ‘फॅडी’. इतर परदेशी मंडळी या ट-ड-ण साठी महिनोन्महिने जीभ वळवत बसतात. ताईंना तो पहिल्या तासाला जमला, फक्त लिहिलेला र डोळ्यांसमोरून जात नव्हता. गंमत म्हणजे हा र सांध्याचाही मुलाहिजा ठेवत नाही. ‘उन्नर|तॉय’चा प्रत्यक्ष उच्चार ‘उन्नंटॉय’. म्हणजे या भाषेत संधी अजिबात नाही असं मी सुरुवातीला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. ताईंनी ते बरोबर पकडलं. “सर, ही तर व्यंजनसंधी.” मी मान्य केलं.

माझी चूक

सुरुवातीला मी एक वाक्य फळ्यावर लिहून दिलं होतं : आघात नेहमी पहिल्यावर. मला म्हणायचं होतं पहिल्या पदावर. ताईंनी वाचलं पहिल्या अक्षरावर.

दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा घरात सगळीकडे पहिल्या अक्षरावर हातोडा पडत होता. औषधांचं कपाट म्हणजे ‘मेदिसीन|स्काप’. यात आघात ‘सीन’वर हवा, कारण मेदिसीन या शब्दाचा स्वतःचा आघात तिथं आहे. ताई ‘मे’वर आपटायच्या. ‘कोन्त्रोल्ल’, ‘स्तुदेन्त’, ‘माशीन’ असे बाहेरून आलेले शब्द शेवटच्या अक्षरावर जोर घेतात आणि जोडशब्दात पहिलं पद झाले तरी तो जोर सोडत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या ‘आलेर्गी’चा आघात ताईंना आधी नीट येत होता, तो मी बिघडवला. त्या आता ‘आ’वर जोर देऊन ‘आलेर्गी’ म्हणत होत्या.

नियम असा लिहायला हवा होता : प्रत्येक पद आपला आघात घरून घेऊन येतं. जोडल्यावर पहिल्या पदाचा आघात मोठा राहतो, दुसऱ्याचा लहान होतो, पण जागा कोणाचीच बदलत नाही. हे समजायला एक मिनिट लागलं आणि आधीची सवय घालवायला तीन आठवडे.

अपवादांचं काय करायचं हाही प्रश्न होता. क्रिस्तियानसान्न या शहराच्या नावात जोर शेवटच्या ‘सान्न’वर आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळचा ‘यूल|आफ्तन’ आणि गुड फ्रायडेचा ‘लांग|फ्रेदाग’ यांतही तो दुसऱ्या पदावर जातो. मी यांची यादी दिली नाही. सणवार आले की तो तो शब्द तेवढा पाठ करायचा, असं ठरवलं. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

निष्पत्ती

चारेक महिन्यांनी पुन्हा पॅनकेक, पुन्हा नवा बदली कामगार. ताईंनी तोच निरोप दिला. टेबल नव्हतं, म्हणून तळवा मांडीवर मारला. “एग्ग|आलेर्गी.” समोरच्यानं लगेच विचारलं, “फक्त अंडं, की दूधसुद्धा?” हा प्रतिप्रश्न ताईंनी मला शब्दशः ऐकवला, दोनदा.

मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याचं काम पूर्वी त्या दुसऱ्यांवर ढकलायच्या, आता आठवड्यातून एकदा स्वतः घेतात. फुलपाखराला ‘सॉम्मर|फूल’ म्हणतात, उन्हाळ्यातला पक्षी. तो शब्द एका गोष्टीत पानोपानी होता आणि कोणी मधे थांबवलं नाही. सूर अजून चुकतात. एक पाच वर्षांची मुलगी ते नेमानं दुरुस्त करते, आणि ताईंच्या मते ती माझ्यापेक्षा बरी शिकवते.

सगळं जमलं असं नाही. अनोळखी लांब शब्द वेगात ऐकला की त्यांचा सांधा अजून निसटतो. वाचताना पेन्सिल मदतीला येते, ऐकताना येत नाही. दुसरी अडचण अनपेक्षित होती. बालवाडीत बर्गनकडची एक सहकारी आली. तिकडे र घशातून काढतात, त्यामुळे मूर्धन्य व्हायचा प्रश्नच येत नाही. ताईंचा लाडका ‘बाण’ तिच्या तोंडी बाण नव्हताच. पहिले काही दिवस त्यांना आपण पुन्हा शून्यावर आलो असं वाटलं. मग एका तासाला आम्ही फक्त तिच्या बोलण्यातल्या आघातांच्या जागा लिहून काढल्या. त्या बहुतेक सगळ्या ओस्लोसारख्याच निघाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

ऐकण्याचा सराव आधी घेईन. आम्ही बोलण्यापासून सुरुवात केली, कारण ताईंची जखम बोलण्याची होती. पण दुसऱ्याच्या तोंडचा सांधा कानाला टिपता आला असता तर स्वतःची चूक त्यांना माझ्या आधी कळली असती.

देवनागरीत उच्चार लिहून घेण्याबद्दल मी अजून दोन मनांत आहे. सुरुवातीला मी बंदी घातली होती, कारण रोगाचं मूळच तिथं होतं. ताईंनी गुपचूप लिहिलं, आणि सांध्यापाशी पाय मोडून, शिवाय बोटभर जागा सोडून लिहिलं. ‘एग्ग्’, मोकळी जागा, ‘आलेर्गी’. ते पाहिल्यावर बंदी उठवली. पाय मोडलेलं व्यंजन पुढच्या स्वराकडे जाऊच शकत नाही. ही युक्ती मला सुचायला हवी होती, त्यांना सुचली.

आणि ‘सावकाश बोल’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलायला हवं होतं. त्यातल्या एकीला जरी सांगितलं असतं की हिला सावकाश बोलायला लावू नका, पहिल्या पदावर जोर द्यायला सांगा, तर महिनाभर वाचला असता. मी शिकवणी म्हणजे दोघांतला व्यवहार समजत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात ताई कुटुंबासह रात्रीच्या गाडीनं ट्रॉन्हाइमला गेल्या. निघताना त्यांनी तिकिटाचा फोटो पाठवला. रात्रीची गाडी म्हणजे ‘नात्त|तोग’. ‘नात्त’मध्ये दोन त, ‘तोग’मध्ये एक. छापील शब्दात मात्र दोनच होते. ताईंनी पेन्सिलीनं रेघ आधी दोन्ही त च्या पुढं मारली होती, मग खोडून मागं, मग खोडून मधोमध. खाली लिहिलं होतं : “सर, एक त कमी आहे. तिकीट चुकलंय का?”

मी कळवलं की तीन सारखी व्यंजनं शेजारी आली की लिहिताना एक गाळतात, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर तो गाळलेला त परत येतो.

उत्तर आलं : “म्हणजे लोप. मग लोप म्हणा की.”